ड्रुपलमधलं पहिलं मॉड्यूल: ‘इतके दिवस उरले’ सांगणारा ब्लॉक

ड्रुपल ही पीएचपीत लिहिलेली, संकेतस्थळं उभारण्याची प्रणाली आहे आणि मॉड्यूल म्हणजे तिला जोडायचा जास्तीच्या कामाचा भाग. या लेखात आपण ड्रुपलसाठी एक छोटं मॉड्यूल अगदी कोऱ्या फोल्डरपासून लिहिणार आहोत. त्याचं काम एकच. पानाच्या कडेला एक ब्लॉक, म्हणजे मजकुराची छोटी चौकट, दिसावा आणि त्यात ‘अर्ज भरायला १२ दिवस उरले’ अशी एक ओळ असावी. तारीख ब्लॉकच्या सेटिंगमधून बदलता यावी आणि आकडा रोज आपोआप एकाने कमी व्हावा.

पहिल्या ओळखीसाठी बहुतेक जण ‘नमस्कार’ छापणारं मॉड्यूल शिकवतात. मी मुद्दाम ते घेतलेलं नाही. नमस्कार काल होता तसाच आज असतो, त्यामुळे तो कॅशेमध्ये, म्हणजे ड्रुपलने जपून ठेवलेल्या तयार प्रतीत, अडकला तरी कोणाला कळत नाही. दिवसांचा आकडा अडकला तर लगेच कळतं. ड्रुपल शिकणाऱ्यांचे तासन्‌तास ‘बदल केला, पण दिसत का नाही?’ या प्रश्नात जाताना मी पाहिले आहेत. तो प्रश्न पहिल्याच मॉड्यूलमध्ये समोर आला तर पुढचा बराच मनस्ताप वाचतो.

आधी काय हाताशी हवं

पीएचपीमधलं फंक्शन, ॲरे आणि क्लास म्हणजे काय एवढं माहीत असेल तर पुरे. ड्रुपल १०.३ किंवा त्यापुढचं घ्या. नवीन सुरुवात असेल तर सरळ ११ घ्या. त्याला पीएचपी ८.३ लागतं. सगळं काम आपल्या स्वतःच्या संगणकावर करायचं, चालू संकेतस्थळावर नाही. त्यासाठी डीडीईव्ही हे साधन सोयीचं आहे, ते डॉकरच्या आधाराने ड्रुपलला लागणारं सगळं उभं करून देतं. शिवाय ड्रश हवंच. ड्रश म्हणजे टर्मिनलमधून ड्रुपलला आज्ञा देण्याची सोय, आणि दिवसातून तीस-चाळीस वेळा तिची गरज पडते.

जुन्या लेखांपासून मात्र सांभाळून राहा. ड्रुपल ८ नोव्हेंबर २०१५मध्ये आलं, तेव्हा सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे घटक आत घेतले गेले आणि मॉड्यूल लिहिण्याची पद्धतच बदलली. ड्रुपल ७चा आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला, पण त्या काळातले धडे शोधात अजूनही वर येतात. ओळखायची खूण सोपी आहे. माहितीच्या फाइलचं नाव नुसत्या ‘.इन्फो’वर संपत असेल, पुढे ‘.वायएमएल’ (सेटिंग लिहायची साधी मजकूर-पद्धत) नसेल, तर तो धडा ७चा आहे. तो बंद करा.

नावांबद्दल एक सूचना. या लेखात फाइलींची आणि फंक्शनांची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन लिपीतच टाइप करायची. कोडच्या ओळी छापण्याऐवजी प्रत्येक ओळीत काय येतं आणि का येतं, ते मी शब्दांत सांगणार आहे. टाइप तुम्ही स्वतः करा. हाताने टाइप केलेला पहिला क्लास लक्षात राहतो.

फोल्डर आणि पहिली फाइल

ड्रुपलच्या ‘वेब’ फोल्डरमध्ये ‘मॉड्यूल्स’ आणि ‘कोअर’ असे दोन फोल्डर दिसतील. कोअरला, म्हणजे ड्रुपलच्या मूळ कोडला, हात लावायचा नाही. तिथे केलेला बदल कंपोझरच्या (पीएचपीची पॅकेजं आणणारं साधन) पुढच्या अपडेटमध्ये पुसला जातो, आणि तो पुसला गेल्याचं कोणी सांगतही नाही. ‘मॉड्यूल्स’मध्ये ‘कस्टम’ नावाचा फोल्डर करा आणि त्याच्या आत आपल्या मॉड्यूलचा: ‘दिवसमोजणी’. दुसऱ्यांची तयार मॉड्यूल कंपोझर ‘कॉन्ट्रिब’मध्ये ठेवतं, आपली ‘कस्टम’मध्ये. उद्या दुसऱ्या कोणाला हे काम पाहायचं झालं तर काय आपलं आणि काय आणलेलं, हे एका नजरेत कळतं.

‘दिवसमोजणी’ हे झालं मॉड्यूलचं मशीन-नाव. त्यात फक्त लहान रोमन अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर चालतात, सुरुवात अक्षरानेच व्हावी लागते आणि लांबी ५० अक्षरांच्या आत. त्याच संकेतस्थळावरच्या दुसऱ्या मॉड्यूलचं किंवा थीमचं नाव घेऊ नका. हे नाव फाइलींत, नेमस्पेसमध्ये (क्लासच्या नावाआधीचा पत्ता), फंक्शनांत सगळीकडे येणार आहे आणि मागाहून बदलणं जिकिरीचं असतं, म्हणून पाच मिनिटं विचार करूनच ठरवा.

आता पहिली फाइल: ‘दिवसमोजणी.इन्फो.वायएमएल’. पाच ओळी पुरतात. ‘नेम’पुढे माणसांना दिसणारं नाव. ‘टाइप’पुढे ‘मॉड्यूल’. ‘डिस्क्रिप्शन’पुढे एका वाक्यात काम. ‘पॅकेज’पुढे ‘कस्टम’. आणि ‘कोअर_व्हर्जन_रिक्वायरमेंट’पुढे कोणत्या ड्रुपलवर हे चालेल ते: टोपीचं चिन्ह आणि १०.३, मग दोन उभ्या रेघा, मग पुन्हा टोपी आणि ११. म्हणजे १०.३पासून पुढची दहाच्या मालिकेतली कोणतीही आवृत्ती, किंवा अकराच्या मालिकेतली कोणतीही. ही ओळ विसरलात तर ड्रुपल मॉड्यूल स्वीकारतच नाही.

आपला ब्लॉक कोअरच्या ‘ब्लॉक’ मॉड्यूलवर अवलंबून आहे, म्हणून ‘डिपेंडन्सीज’ अशी आणखी एक ओळ लिहा. तिच्याखाली दोन स्पेस आत, एक आडवी रेघ, एक स्पेस आणि ‘ड्रुपल:ब्लॉक’.

‘दोन स्पेस’ म्हणाले ते शब्दशः घ्या. वायएमएलमध्ये इंडेंटसाठी टॅब चालत नाही. डोळ्यांना टॅब आणि स्पेस सारखेच दिसतात, आणि म्हणूनच माणूस त्या ओळीकडे दहा वेळा पाहूनही ‘यात चूक काय आहे?’ असं विचारत बसतो. तसंच कोलननंतर एक स्पेस हवीच. ती राहिली तर की आणि व्हॅल्यू वेगळी झालीच नाही असं धरलं जातं. (‘ड्रुपल:ब्लॉक’मध्ये मात्र कोलननंतर स्पेस नको, कारण ते अख्खं एकच नाव आहे.) तुमच्या एडिटरमध्ये न दिसणारी अक्षरं दाखवण्याची सोय असते. ती आजच चालू करा. टॅब छोट्या बाणासारखा आणि स्पेस टिंबासारखी दिसू लागली की ही चूक कायमची संपते.

एवढ्यावर थांबा आणि तपासा. ॲडमिनमधल्या ‘एक्स्टेंड’ पानावर जा, मॉड्यूलचं नाव शोधा, टिचकी मारून चालू करा. टर्मिनलमधून करायचं तर ‘ड्रश ईएन दिवसमोजणी’. मॉड्यूल अजून काहीच करत नाही, पण ड्रुपलने ते ओळखलं, हे महत्त्वाचं. पाच फाइली लिहून मग एकदम चालू करणाऱ्याला बिघाड नेमका कुठे आहे ते शोधता येत नाही. एक फाइल, एक तपासणी, मगच पुढची फाइल.

ब्लॉकचा क्लास

मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये ‘एसआरसी’, त्याच्या आत ‘प्लगइन’, त्याच्या आत ‘ब्लॉक’ असे फोल्डर करा. एसआरसी सगळं लहान अक्षरांत, पण ‘प्लगइन’ आणि ‘ब्लॉक’ यांचं पहिलं अक्षर कॅपिटल. सगळ्यात आत ‘दिवसमोजणीब्लॉक.पीएचपी’ ही फाइल, तिच्या नावात प्रत्येक शब्दाचं पहिलं अक्षर कॅपिटल.

हे कॅपिटलचं प्रकरण वरवरचं वाटतं, पण त्यात एक पूर्ण दुपार गेलेली मला आठवते. माझ्या संगणकावर ब्लॉक छान दिसत होता. सर्व्हरवर नेल्यावर यादीतूनच गायब. एरर नाही, लॉगमध्ये ओळ नाही. ‘ब्लॉक’ फोल्डरचं पहिलं अक्षर मी लहान लिहिलं होतं. विंडोज आणि मॅकवर फाइलींच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांचा फरक सहसा पाहिला जात नाही, लिनक्सवर पाहिला जातो. ड्रुपल ब्लॉक शोधायला ठरलेल्या नावाच्या फोल्डरमध्ये जातं. तो फोल्डर नसेल तर तुमच्याकडे ब्लॉकच नाही असं समजून पुढे जातं. तक्रार करण्याचं त्याला काही कारणच नसतं.

फाइलच्या सुरुवातीला नेमस्पेस: ‘ड्रुपल’, उलटी तिरपी रेघ, ‘दिवसमोजणी’, रेघ, ‘प्लगइन’, रेघ, ‘ब्लॉक’. यात ‘एसआरसी’ येत नाही, हे लक्षात ठेवा. मॉड्यूलच्या नेमस्पेसची मुळं एसआरसीमध्येच आहेत असं ड्रुपल धरून चालतं, त्यामुळे फोल्डरचा उरलेला मार्ग आणि नेमस्पेस तंतोतंत जुळायला हवेत.

मग तुमचा क्लास ‘ब्लॉकबेस’ या ड्रुपलच्या क्लासवरून पुढे वाढवा. क्लासच्या डोक्यावर ‘ब्लॉक’ नावाचं ॲट्रिब्यूट, म्हणजे क्लासबद्दलच्या माहितीची पाटी, लिहायचं, त्यात दोन गोष्टी: ‘आयडी’, म्हणजे ‘दिवसमोजणी_ब्लॉक’, आणि ‘ॲडमिन_लेबल’, म्हणजे ॲडमिनच्या यादीत दिसणारं नाव. लेबल नुसत्या अवतरणात न देता ‘ट्रान्सलेटेबलमार्कअप’मध्ये गुंडाळून द्या, म्हणजे त्याचं भाषांतर करता येतं. ‘ब्लॉकबेस’, ‘ब्लॉक’ ॲट्रिब्यूट आणि ‘ट्रान्सलेटेबलमार्कअप’ या तिघांच्या ‘यूज’ ओळी वर हव्यात. ॲट्रिब्यूटची ‘यूज’ ओळ राहिली तरी पीएचपी ओरडत नाही, ब्लॉक फक्त सापडत नाही. थोड्या जुन्या धड्यांत हीच माहिती क्लासच्या वरच्या कॉमेंटमध्ये लिहिलेली दिसेल. ती आधीची पद्धत. नवीन कोडमध्ये ॲट्रिब्यूटच लिहा.

आत एक मेथड: ‘बिल्ड’. ती एचटीएमएल परत देत नाही, ॲरे परत देते. ड्रुपलमध्ये याला रेंडर ॲरे म्हणतात. पानावर काय छापायचं त्याचं ते वर्णन आहे, प्रत्यक्ष छपाई शेवटी होते. सध्या ‘#मार्कअप’ या कीपुढे कोणतंही एक वाक्य लिहा.

‘ड्रश सीआर’ चालवा. ही कॅशे पुन्हा बांधण्याची आज्ञा. नवीन क्लास, नवीन वायएमएल फाइल, ॲट्रिब्यूटमधला बदल, या सगळ्यांनंतर ती लागतेच. मग ‘स्ट्रक्चर’मधून ‘ब्लॉक लेआउट’ उघडा, साइडबारच्या समोरचं ‘प्लेस ब्लॉक’ दाबा, आपला ब्लॉक शोधा आणि ठेवा. पानावर वाक्य दिसलं की पुढे.

तारीख विचारणारा फॉर्म

ब्लॉकला स्वतःची सेटिंग साठवता येते आणि त्यासाठी वेगळं टेबल लागत नाही. क्लासमध्ये तीन मेथड वाढवा. ‘डिफॉल्टकॉन्फिगरेशन’ सुरुवातीच्या किमती देते: ‘तारीख’ रिकामी, ‘विषय’ रिकामा. ‘ब्लॉकफॉर्म’ फॉर्मची दोन खणं देते: एक ‘डेट’ प्रकारचं, एक ‘टेक्स्टफील्ड’ प्रकारचं, आणि दोन्हींच्या ‘#डिफॉल्ट_व्हॅल्यू’मध्ये साठवलेली किंमत. ‘ब्लॉकसबमिट’ फॉर्ममधल्या किमती उचलून ब्लॉकच्या ‘कॉन्फिगरेशन’ ॲरेमध्ये ठेवते. साठवण्याचं उरलेलं काम ड्रुपल करतं. डेट खणातून आलेली तारीख ही साधी स्ट्रिंग असते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा.

यासोबत ‘कॉन्फिग’ फोल्डरमध्ये ‘स्कीमा’ फोल्डर आणि त्यात ‘दिवसमोजणी.स्कीमा.वायएमएल’ ही फाइल लिहा. त्यात ‘ब्लॉक.सेटिंग्ज.दिवसमोजणी_ब्लॉक’ या नावाखाली प्रकार ‘ब्लॉक_सेटिंग्ज’ आणि त्याच्या मॅपिंगमध्ये आपल्या दोन किमती कोणत्या प्रकारच्या आहेत ते. ही फाइल नसली तरी ब्लॉक चालतो, म्हणून नवखे ती सोडून देतात. पण विषयाचं भाषांतर करायचं झालं तर ड्रुपलला हीच फाइल लागते. दहा ओळींचं काम आहे, आत्ताच उरका.

‘विषय’ हा कोणीतरी टाइप केलेला मजकूर आहे. तो वाक्यात जोडताना टिंबाने चिकटवू नका. भाषांतराच्या फंक्शनला वाक्याचा साचा द्या, त्यात ‘@विषय’ अशी जागा सोडा आणि किंमत वेगळी पुरवा. ‘@’ने सुरू होणाऱ्या जागेत भरलेला मजकूर ड्रुपल आधी निर्धोक करून घेतं, म्हणजे कोणी खणात स्क्रिप्ट टाकली तरी ती चालत नाही, नुसती अक्षरं म्हणून दिसते.

दिवस मोजताना

दोन तारखा घ्यायच्या, वजाबाकी करायची. त्यातही अडकायच्या तीन जागा आहेत.

पहिली जागा, ‘आज’ म्हणजे कधी? पीएचपीच्या ‘डेटटाइमइम्युटेबल’ला ‘नाउ’ दिलं तर आत्ताची वेळ मिळते, ‘टुडे’ दिलं तर आजची मध्यरात्र. साठवलेली तारीखही मध्यरात्रीचीच असते. ‘नाउ’ घेतलं तर दुपारी तीन वाजता उद्याच्या तारखेला फक्त नऊ तास उरलेले असतात आणि पूर्ण दिवस मोजले तर उत्तर शून्य येतं. म्हणून ‘टुडे’च घ्या.

दुसरी जागा, कोणाचं आज? लॉगिन केलेल्या सदस्याने स्वतःचा टाइमझोन निवडला असेल तर ड्रुपल त्याच्यासाठी तो लावतं. मग एकाच क्षणी दोन जणांना दोन आकडे दिसू शकतात. अर्जाची मुदत सगळ्यांना एकच असते, म्हणून ‘सिस्टिम.डेट’ या कॉन्फिगमधून संकेतस्थळाचा मूळ टाइमझोन वाचा आणि दोन्ही तारखा करताना तोच द्या.

तिसरी जागा सगळ्यांत फसवी. दोन तारखांवर ‘डिफ’ चालवल्यावर जो ऑब्जेक्ट मिळतो त्याची ‘डेज’ ही किंमत कधीच उणे नसते. मुदत चार दिवसांपूर्वी संपली असेल तरी ती ४ सांगते, आणि ब्लॉक खुशाल ‘४ दिवस उरले’ म्हणतो. म्हणून ‘फॉरमॅट’ मेथडला टक्का-आर आणि लगेच टक्का-ए असा साचा द्या. आर उणेचं चिन्ह आणतो, ए एकूण दिवस. मिळालेली स्ट्रिंग पूर्णांकात बदलून घ्या.

आता तीन वाटा. आकडा शून्याहून मोठा असेल तर ‘इतके दिवस उरले’. शून्य असेल तर ‘आज शेवटचा दिवस’. तिथे ‘० दिवस उरले’ लिहिलं तर मुदत संपली असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि त्याचा शेवटचा दिवस वाया जातो. उणे असेल किंवा तारीखच भरलेली नसेल तर ब्लॉक दाखवायचाच नाही.

पहिल्या वाटेसाठी ‘फॉरमॅटप्लुरल’ वापरा. त्याला आकडा, एकवचनी वाक्य आणि अनेकवचनी वाक्य द्यायचं असतं. मराठीत ‘दिवस’ शब्द दोन्हीकडे सारखाच राहतो म्हणून एकाच वाक्यावर भागवायचा मोह होतो, पण क्रियापद बदलतं: ‘१ दिवस उरला’, ‘५ दिवस उरले’. मुदतीच्या आदल्या दिवशी ‘१ दिवस उरले’ दिसलं तर ते वाचणाऱ्याला खटकतंच. कोडमधली मूळ वाक्यं इंग्रजीत ठेवा आणि मराठी वाक्यं ‘इंटरफेस ट्रान्सलेशन’च्या पानावरून भरा, ड्रुपलची भाषांतराची सगळी रचना त्याच गृहीतावर उभी आहे. आकडे देवनागरी हवे असतील तर पीएचपीच्या ‘एसटीआर_रिप्लेस’ने दहा अंक बदलून घ्या आणि ते वेगळ्या नावाच्या जागेत भरा, कारण ‘@काउंट’ ही जागा ड्रुपल स्वतःच मूळ आकड्याने भरतं.

आज बरोबर, उद्या चूक

इथपर्यंत आलात की ब्लॉक दिसतो, आकडा बरोबर असतो, सेटिंगमध्ये तारीख बदलली की तो लगेच बदलतो. काम झालं असं वाटतं. मलाही वाटलं होतं. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मी असाच ब्लॉक बसवला, ॲडमिन म्हणून तीन-चार तारखा टाकून पाहिल्या आणि सोपवून दिला. मुदत संपल्यावरही बाहेरच्या लोकांना ‘३ दिवस उरले’ दिसत राहिलं. त्या आकड्यावर विसंबून ज्यांनी अर्ज लांबवला, त्यांची मुदत माझ्यामुळे हुकली. ती गोष्ट मी विसरलेले नाही, आणि या लेखाचा मोठा भाग त्याच एका आकड्यासाठी आहे.

झालं होतं ते असं. ड्रुपल एकदा बांधलेला ब्लॉक जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी तोच देतं. किती वेळ जपायचं हे तुम्ही सांगितलं नाही, तर कायमचा. तारीख बदलून साठवली की ब्लॉकचं कॉन्फिग बदलतं, त्याबरोबर जुनी प्रत आपोआप बाद होते, म्हणून चाचणीत सगळं ठीक दिसतं. पण मध्यरात्र उलटली हे ड्रुपलला कोणीच कळवत नाही.

रेंडर ॲरेमध्ये ‘#कॅशे’ नावाची की असते. तिच्या आत ‘मॅक्स-एज’पुढे सेकंद लिहिता येतात. उद्याच्या मध्यरात्रीतून आत्ताची वेळ वजा करा आणि उरलेले सेकंद तिथे द्या. बरेच धडे ‘शून्य लिहा’ म्हणून सोडून देतात. ते करू नका. शून्य ही किंमत ब्लॉकपुरती राहत नाही, वर पानापर्यंत चढते, आणि एका ओळीसाठी पानाच्या कॅशेचा फायदा जाऊ शकतो.

पण मॅक्स-एजवर काम संपत नाही, आणि माझी चूक इथेच होती. लॉगिन न केलेल्या पाहुण्यांसाठी ड्रुपलमध्ये ‘इंटर्नल पेज कॅशे’ नावाचं वेगळं मॉड्यूल आहे. ते अख्खं पान जपून ठेवतं आणि आतल्या ब्लॉकचा मॅक्स-एज पाहत नाही. कॅशे टॅग, म्हणजे जपलेल्या प्रतीला लावलेली नावाची चिठ्ठी, मात्र पाहतं; तो टॅग बाद केला की ती प्रतही बाद होते. म्हणजे ज्यांच्यासाठी ब्लॉक बनवला, नेमक्या त्यांनाच शिळा आकडा दिसतो आणि ॲडमिनला ताजा.

म्हणून ‘#कॅशे’मध्ये ‘टॅग्ज’ही द्या. एक आपला, ‘दिवसमोजणी:दिवस’. दुसरा ‘कॉन्फिग:सिस्टिम.डेट’, म्हणजे कोणी टाइमझोन बदलला तरी प्रत बाद होईल. ब्लॉक लपवायचा असतो त्या वाटेवरही हे टॅग द्यायचे असतात. ‘बिल्ड’मधून फक्त ‘#कॅशे’ असलेला ॲरे परत दिला तर ड्रुपल ब्लॉक रिकामा मानून चौकटही छापत नाही, पण टॅग लक्षात ठेवतं. पूर्ण रिकामा ॲरे दिलात तर टॅगही जातात.

क्रॉनकडून निरोप

आता तो टॅग रोज एकदा बाद करणारं कोणीतरी हवं. ते काम क्रॉनचं, क्रॉन म्हणजे ठरावीक वेळी आपोआप कामं चालवणारी सोय. मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये ‘दिवसमोजणी.मॉड्यूल’ ही फाइल करा. आत पीएचपीच असतं. तिच्यात ‘दिवसमोजणी_क्रॉन’ नावाचं फंक्शन लिहा. नावाचा पहिला भाग मॉड्यूलचा आणि दुसरा ‘क्रॉन’ असला की ड्रुपल क्रॉनच्या वेळी त्याला हाक मारतं.

फंक्शनमध्ये संकेतस्थळाच्या टाइमझोनमधली आजची तारीख काढा. ‘स्टेट’ सेवेतून, म्हणजे ड्रुपलच्या छोट्या नोंदी ठेवायच्या जागेतून, ‘दिवसमोजणी.शेवटचा_दिवस’ वाचा. दोन्ही सारखे असतील तर काही न करता परत फिरा. वेगळे असतील तर ‘कॅशे’ क्लासच्या ‘इनव्हॅलिडेटटॅग्ज’ला आपला टॅग द्या आणि आजची तारीख स्टेटमध्ये लिहा. क्रॉन दिवसातून कितीही वेळा चालला तरी कॅशे एकदाच बाद होतो.

ड्रुपलचा स्वतःचा ‘ऑटोमेटेड क्रॉन’ मुळात दर ३ तासांनी चालण्यासाठी लावलेला असतो, तोही कोणी संकेतस्थळ उघडलं तर. मध्यरात्रीनंतर दोन-अडीच तास आकडा शिळा राहणं चालणार नसेल तर सर्व्हरच्या क्रॉनटॅबमध्ये बारा वाजून पाच मिनिटांनी ‘ड्रश क्रॉन’ लावा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेवर असतं, तेव्हा ‘बारा’ म्हणजे कोणाचे बारा ते आधी पाहा.

उद्याची वाट न पाहता हे तपासता येतं. ब्राउझरची खासगी खिडकी उघडा, म्हणजे तुम्ही पाहुणे झालात. डेव्हलपर साधनांतल्या ‘नेटवर्क’मध्ये पानाचे हेडर पाहा. ‘एक्स-ड्रुपल-कॅशे’ पहिल्या वेळी ‘मिस’ म्हणेल, पान पुन्हा उघडलं की ‘हिट’. आता टर्मिनलमध्ये ‘ड्रश स्टेट:सेट’ने शेवटचा दिवस म्हणून कोणतीही जुनी तारीख लिहा, ‘ड्रश क्रॉन’ चालवा आणि पान पुन्हा उघडा. ‘मिस’ दिसलं पाहिजे. ‘हिट’च राहिलं तर टॅगचं नाव दोन ठिकाणी वेगळं टाइप झालंय का ते अक्षर-अक्षर लावून पाहा.

हेडर दिसतच नसेल तर ‘इंटर्नल पेज कॅशे’ बंद असेल, किंवा कामाच्या सोयीसाठी तुम्ही ‘डेव्हलपमेंट सेटिंग्ज’मधून मार्कअपचा कॅशे बंद ठेवला असेल. काम करताना तो बंद ठेवणं योग्यच आहे. ही तपासणी मात्र कॅशे चालू करूनच करायची. ‘परफॉर्मन्स’च्या पानावर ब्राउझरसाठी किती वेळ दिलाय तेही बघा, तिथे १ दिवस असेल तर सर्व्हरने ताजा आकडा दिला तरी लोकांचे ब्राउझर कालचंच पान दाखवतील. संकेतस्थळापुढे वेगळा सीडीएन, म्हणजे पानांच्या प्रती ठेवून वाटणारी सर्व्हरची साखळी, असेल तर त्यालाही टॅग बाद झाल्याचं कळवावं लागतं आणि त्यासाठी ‘पर्ज’ मॉड्यूल आहे. तास-मिनिटं दाखवायची असतील तर या वाटेने जाऊच नका, पानावर फक्त तारीख द्या आणि मोजणी जावास्क्रिप्टवर सोपवा.

काढून टाकण्याची तयारी

ड्रुपल ८पासून मॉड्यूल नुसतं बंद ठेवता येत नाही, अनइन्स्टॉलच करावं लागतं. तेव्हा ठेवलेला ब्लॉक आपोआप निघून जातो, कारण त्याचं कॉन्फिग आपल्या मॉड्यूलवर अवलंबून असतं. स्टेटमध्ये लिहिलेली तारीख मात्र तशीच पडून राहते. ती आपण ठेवली, आपणच उचलायची. ‘दिवसमोजणी.इन्स्टॉल’ या फाइलमध्ये ‘दिवसमोजणी_अनइन्स्टॉल’ फंक्शन लिहा आणि त्यात स्टेटमधली ती की डिलीट करा.

अनइन्स्टॉल न करता फोल्डर उडवला तर डेटाबेसमध्ये मॉड्यूल चालूच असल्याची नोंद राहते आणि ‘स्टेटस रिपोर्ट’वर मॉड्यूल सापडत नसल्याची तक्रार येते. म्हणून आधी ‘ड्रश पीएमयू दिवसमोजणी’, मग फोल्डर.

आपल्या संगणकावर एकदा मुद्दाम अनइन्स्टॉल करून पाहा. ब्लॉक गेला का, ‘रिसेंट लॉग मेसेजेस’मध्ये काही लाल दिसतं का, ‘ड्रश स्टेट:गेट’ रिकामं येतं का. मग पुन्हा चालू करा, ब्लॉक ठेवा, ‘ड्रश सीईएक्स’ने कॉन्फिग फाइलींमध्ये उतरवून घ्या आणि मॉड्यूलचा फोल्डर त्या फाइलींसकट गिटमध्ये टाका. सर्व्हरवर कोड गेल्यावर ‘ड्रश सीआयएम’, मग ‘ड्रश सीआर’, आणि लगेच खासगी खिडकीतून पान उघडून आजचा आकडा एका कागदावर लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी, कॅशे हाताने साफ न करता, तेच पान पुन्हा खासगी खिडकीत उघडा आणि कागदाशी ताडून पाहा.